डॉट नेटचं सॉफ्टवेअर कोणी डिकंपाइल करू नये (त्यातून कोड परत काढू नये) म्हणून कुठला ऑब्फस्केटर घ्यावा?

कुठलाही ऑब्फस्केटर, म्हणजे कोड वाचता येऊ नये म्हणून तो गोंधळवणारं टूल, घ्या, ज्याला फोडायचंय तो फोडतोच. आमचं फुटलंय म्हणून सांगतोय.

मी आणि पार्टनर, दोघं मिळून मार्केट यार्डातल्या भुसारवाल्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो, डॉट नेटच्या सी शार्प भाषेत लिहिलेलं. काही वर्षांपूर्वी एका गाळ्यात प्रिंटर बघायला गेलो तर शेजारच्या गाळ्यात आमचंच सॉफ्टवेअर चालू, आणि त्या शेठजींना आम्ही काही विकलेलंच नाही! विचारलं तर म्हणाले, "कॉम्प्युटरवाल्यानं टाकून दिलं. तुमचं आहे होय? छान आहे हो." वर चहा पाजला. त्यांची ईएक्सई पेनड्राइव्हवर घेऊन आलो, डीएनस्पाय या डिकंपायलरमध्ये उघडली, लायसन्स तपासणाऱ्या फंक्शनमध्ये एकच ओळ उरलेली, रिटर्न ट्रू, म्हणजे कायम 'हो'. फंक्शनचं नाव मीच 'इज लायसन्स व्हॅलिड' ठेवलेलं, म्हणजे तिजोरीवर पाटीच लावली होती, आयएलमध्ये (डॉट नेटच्या कंपाइल झालेल्या कोडमध्ये) नावं जशीच्या तशी राहतात हे माहीत असून.

पार्टनर भडकला, म्हणे आजच्या आज सगळं ऑब्फस्केट कर. मी म्हटलं दिवाळी तोंडावर आहे, लायसन्स सर्व्हरवर नेऊ, थांब जरा. ऐकतोय कोण. कन्फ्युजरएक्स नावाचा ऑब्फस्केटर लावला, सरसकट रिनेमिंग, म्हणजे कोडमधली सगळी नावं बदलून ए, बी, सी, आमच्याकडे लॉगिन झालं म्हणून लगेच पाठवून पण दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून फोन, बिलात मालाचा आणि दराचा कॉलम कोरा, बेरीज मात्र बरोबर! ग्रिड, म्हणजे बिलाचा तक्ता, स्ट्रिंगमधून (साध्या मजकुरातून) 'रेट' शोधतंय आणि प्रॉपर्टीचं नाव झालंय 'ए'. व्हॉट्सॲपवर एररचे फोटो येतायत त्यात ए डॉट बी डॉट सी, आणि मॅपिंग फाइल (कुठल्या नावाचं काय झालं त्याची यादी) आम्ही जपलेली नाही. एकाच्या अँटिव्हायरसनं तर ईएक्सईच उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली.

तर रिनेमिंग करा, पण बाइंडिंग, रिफ्लेक्शन, सिरियलायझेशनवाले, म्हणजे नावावरून शोधले जाणारे क्लास वगळून, आणि प्रत्येक रिलीजची मॅपिंग फाइल ठेवा. स्ट्रिंग एन्क्रिप्शनवर जास्त भरवसा नको, किल्ली त्याच ईएक्सईत असते, आणि डीफोरडॉट हे टूल बऱ्याच ऑब्फस्केटरचं काम उलटं फिरवतं. नेटिव्ह (थेट मशीन कोड) केलं तरी तेही उलगडणारं घिड्रा आहेच, २०१९ पासून फुकट. जे गिऱ्हाइकाच्या मशीनवर नाहीच ते कोण डिकंपाइल करणार? हेच मी तेव्हा सांगत होतो, शेवटी आम्ही जीएसटीच्या दरांचं अपडेट सर्व्हरवर नेलं, लायसन्स असेल तरच मिळतं.

हां, अँड्रॉइड ॲप असेल तर आरएट (अँड्रॉइडचं कोड आक्रसणारं आणि नावं बदलणारं टूल) चालू ठेवाच, साइज पण कमी होते. आणि गिऱ्हाइकाकडे नेटच नसेल तर माझा सर्व्हरवाला सल्ला बाद.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बदाम-पिस्ते १२ वरून ५ टक्क्यांवर आले, त्याच आठवड्यात त्या शेठजींचा फोन, "अपडेट येत नाहीये." पूर्ण पैसे भरून घेतलं त्यांनी. पार्टनर अजून म्हणतो की ऑब्फस्केशनमुळेच आला तो. अरे बाबा, त्याच्याकडे जुनी कॉपी होती, ऑब्फस्केट करायच्या आधीची!