परदेशात राहून वंश आणि राजकारणावर लिहिणाऱ्यांत कोणत्या पत्रकाराची कारकीर्द अभ्यासावी?

गॅरी यंग यांची. आईवडील बार्बाडोसचे, जन्म १९६९ चा, इंग्लंडमधला. शिकले फ्रेंच आणि रशियन. २००३ ते २०१५ ते 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रासाठी अमेरिकेतून लिहीत होते. कतरिना वादळ, ओबामांचा विजय, पोलिसाच्या गोळीने कृष्णवर्णीय तरुण मेल्यावर फर्ग्युसन शहरात झालेला उद्रेक, सगळं त्याच काळातलं.

पण मला सर्वांत मोठं वाटतं ते त्यांचं एकाच दिवसावरचं पुस्तक. २३ नोव्हेंबर २०१३ ला अमेरिकेत गोळीला बळी पडलेली दहा मुलं, सर्वांत लहान ९ वर्षांचा. यंग यांनी त्यांच्या घरच्यांना, मित्रांना गाठून एकेकाचं आयुष्य मांडलं. दहापैकी सात कृष्णवर्णीय. अशा मृत्यूंची बातमी गावाबाहेर सहसा जातच नाही, म्हणून हे काम मोलाचं. २०२० पासून ते मँचेस्टर विद्यापीठात समाजशास्त्र शिकवतात.