निर्दोष सुटले, पण अजून तिथंच आहेत

"ताई, कोर्टानं ह्यांना सोडलं, पर हे अजून तिथंच हायेत. कवर चालायचं असं?"

तुरुंगातून निर्दोष सुटून आलेल्या माणसाच्या घरून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. आई विचारते, डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना. भाऊ म्हणतो, झालं गेलं विसर म्हणून तुम्हीच सांगा त्याला. आज ज्या घराबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून गाव, काम असे तपशील बदलले आहेत.

मराठवाड्यातली पारधी वस्ती. नवरा एका बागायतदाराकडे सालगडी. शेजारच्या गावात दरोडा पडला आणि पहाटे वस्तीवर गाडी आली. चौकशीला म्हणून नेलं आणि अटक कागदावर दोन दिवसांनी दाखवली. मधल्या वेळात काय झालं ते त्यांच्या तळपायांना आजही माहीत आहे. जामीन मिळाला, पण जामीनदार मिळेना. खटला चालून निकाल लागेपर्यंत काही वर्षं गेली. साक्षीदारांना ओळख पटली नव्हती आणि मुद्देमाल सापडल्याचा पंचनामा कोर्टात टिकला नाही. आपल्या तुरुंगांतल्या चारांपैकी तिघे असेच कच्चे कैदी असतात, शिक्षा न होता आत बसलेले.

पहिल्या भेटीत हे दादा माझ्या समुपदेशनाच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत या म्हटलं तरी हात दाराकडे जाईना. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दार ढकललं तेव्हा ते आत आले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. घरीही तसंच चालायचं, वहिनी सांगत होत्या. पहाटे तुरुंगातल्या गिनतीच्या वेळेला उठून अंगणात उकिडवं बसायचं. संडासला जाताना "जाऊ का?" असं विचारायचं. "आज काय करू जेवायला?" असं विचारलं की गप्प. आपल्याला काहीच आवडत नाही, असा वहिनींनी त्याचा अर्थ काढला होता.

मी वहिनींना सांगितलं ते असं. वर्षानुवर्षं कधी उठायचं, काय खायचं, दिवा कधी मालवायचा हे दुसऱ्याने ठरवलं, आणि विचारल्याशिवाय हालचाल केली तर मार बसला. ते शरीर न विचारता हलायचं विसरलेलं असतं. निकाल कोर्टाने एका दिवसात वाचून दाखवला, शरीराला तो समजायला वेळ लागतो. म्हणून "विसरा आता" हे वाक्य घरातून बंद करायचं. त्याऐवजी दिवसभरात छोटे छोटे निर्णय त्यांच्या हातात परत द्यायचे, आणि तेही अवघड करून नाही. "काय करू?" असं मोघम विचारायचं नाही. "पिठलं करू की कालवण?" असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. संडासचं विचारलं तर परवानगी देऊ नका, "तुमचं घर आहे" एवढंच म्हणा. वहिनींनी हे चिकाटीने केलं. पुढे एकदा त्यांनी स्वतःहून "आज भाकरी नको" म्हटलं, तेव्हा वहिनी मला फोन करून रडल्या.

तळपायांकडे मात्र सगळ्यांनी दुर्लक्ष केलं होतं. चालताना आग होते, दगड टोचल्यासारखं वाटतं, असं ते सांगत, आणि गावच्या डॉक्टरांनी मनाचा खेळ म्हणून गोळ्या दिल्या होत्या. तळपायांवर मार बसलेल्या माणसाला कित्येक वर्षं असं दुखू शकतं. टाचेखालची गादी आणि नसा यांना इजा झालेली असते. ती नेहमीच्या एक्सरेत दिसत नाही. मी त्यांना जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं, कारण काय ते चिठ्ठीत स्पष्ट लिहून. फिजिओथेरपी आणि मऊ तळाची चप्पल एवढ्याने त्यांचं चालणं सुधारलं. झोपेसाठी काही महिने मनोविकारतज्ज्ञांचं औषध चाललं. पण आपलं दुखणं कुणीतरी खरं मानलं, याचा त्यांना सगळ्यात मोठा आधार वाटला. अशा माणसाला नुसत्या बोलण्याने बरं करायला निघू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी अंग तपासून घ्या.

भीतीबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. मोटारसायकल थांबली की ते अजूनही मागच्या दाराने शेतात जातात. याला आघातानंतरचा ताण म्हणतात, आणि तो आहेच. पण पारधी वस्तीतल्या माणसाला "आता काही होणार नाही" असं मी कोणत्या तोंडाने सांगू? १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो रद्द झाला, तरी कुठे चोरी झाली की गाडी आधी वस्तीवरच येते. म्हणून ही भीती काढून टाकण्यापेक्षा तिला काम देणं मला बरोबर वाटलं. निकालाची प्रमाणित नक्कल काढून प्लास्टिकमध्ये घातली, एक प्रत वहिनींकडे दिली. वकिलांचा नंबर घरातल्या तिघांनी पाठ केला. अटक करताना पंचनामा हवा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवं, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितलं आहे. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं तर घटनेतच आहे. हे मुद्दे आम्ही पुन्हा पुन्हा तोंडपाठ केले. त्यानंतर रात्री उठून दाराशी बसणं कमी झालं.

मुलगी वडिलांना ओळखत नव्हती. बाप मुंबईला कामाला गेलाय असं तिला सांगितलं होतं, आणि शाळेतल्या पोरांनी खरं काय ते सांगून टाकलं. मी म्हटलं, आता तुम्हीच सांगा, थोडक्यात सांगा: "माझ्यावर खोटा आळ घेतला, मला कोंडलं, मग कोर्टाने सोडलं." त्यांनी सांगितलं. तिने लगेच विचारलं, "मारलं का?" ते हो म्हणाले. बाकीचं तिने अजून विचारलेलं नाही आणि त्याची घाई नाही.

भरपाईचा प्रश्न निघतोच. चुकीच्या खटल्यात वर्षं गमावलेल्यांना भरपाई देणारा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ साली तशी शिफारस केली, ती कागदावरच राहिली. दाद मागायची तर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात. २००३ च्या एका प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशी सुनावली होती. त्याच न्यायालयाने २०१९ साली सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला आणि चुकीचा तपास करणाऱ्यांना शोधायला सांगितलं. तोवर सुमारे १६ वर्षं गेली होती. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, कमी उत्पन्नाची माणसं यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. रात्री-अपरात्री मन फारच घाबरलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

दादांनी अर्ज केला. "पैसं मिळू द्या न्हाईतर नको," ते म्हणाले, "पर मारलं हुतं हे सरकारी कागदावर आलं पायजे." अर्ज अजून प्रलंबित आहे. मारणाऱ्यांपैकी एकाची बदली झाली, आजवर एवढंच घडलं आहे.