यंदा चिकाचा हलवा करायचा का?

प्रश्न : आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. वसंतातल्या पेसाख सणानंतर आई गेली. आता रोश हशाना, आमचं नववर्ष, तोंडावर आलाय. मावशी म्हणते, वर्षभर सण करायचा नाही, त्या दिवशीचा गव्हाच्या चिकाचा हलवा तर नाहीच. इस्राएलमधल्या अश्दोदचा दादा फोनवर चिडतो, सण चुकवायचा नसतो म्हणतो. बाबा काहीच बोलत नाहीत. मी कोणाचं ऐकू? – एक लेक

उत्तर : लेकी, दादाचं ऐक, पण त्याच्यासारखं मावशीला सुनावू नकोस.

वर्षभर सण न करणं ही शेजाऱ्यापाजाऱ्यांची रीत. पिढ्यान् पिढ्या कोकणात त्यांच्याबरोबर राहिल्यावर ती आपल्याही घरांत शिरली, त्यात मावशीचा काय दोष? आपला नियम मात्र उलटा आहे. सात दिवसांचा शोक पाळत असताना मध्येच मोठा सण आला, तर तो शोक तिथेच संपतो. सण सगळ्यांचा, दुःख एका घराचं, म्हणून मान सणाला. आईवडिलांसाठी बारा महिने पाळायचे ते गाणंबजावणं, लग्नाच्या मेजवान्या टाळून. सणाचा हलवा त्यात येत नाही.

बाबांचं वेगळं. बायकोसाठी धर्माने तीसच दिवस सांगितलेत आणि ते केव्हाच सरलेत. हे त्यांना चुकूनही ऐकवू नकोस. नारळ खवायला त्यांच्यापुढे ठेव. खवले तर उत्तम, नाही तर तू खव, विषय काढू नकोस.

आईची आठवण काढायचा खरा दिवस किप्पूर, रोश हशानानंतरचा मोठ्या उपासाचा दिवस. अश्केनाझी, म्हणजे युरोपकडचे ज्यू, गेलेल्यांसाठीची यिज्कोर प्रार्थना वर्षातून चारदा म्हणतात, आपल्याकडे तशी हश्काबा. आईचं नाव सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांना आधीच सांगून ठेव, तिच्या नावाने काही दानही दे. चोवीस तास जळणारी मेणबत्ती आण आणि उपास लागण्यापूर्वी लाव. नंतर काडी ओढता येत नाही.

आणि माळमा, म्हणजे किप्पूरचा आदला दिवस, विसरू नकोस. त्या दिवशी आपली वारलेली माणसं घरी येतात आणि किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, अशी आपल्या जुन्या घरांतली समजूत. दादा नाक मुरडेल. शास्त्रात हे कुठे बसतं ते त्याने तिकडच्या रब्बींना, धर्मगुरूंना, खुशाल विचारावं. मला त्यातली सोय आवडते. रडायला, आईच्या आवडीचं रांधायला, तिच्या खोड्या सांगायला दिवस नेमून दिलेले असले की रोश हशानाच्या ताटावर कोणाला अपराधी वाटत नाही. किप्पूरला दादा फोन उचलणार नाही, त्याला शिळ्या सणाला लाव, आणि त्या वेळी बाबांनाही जवळ बसव.

हलव्याचे गहू दोन-तीन दिवस आधी भिजत घालावे लागतात, तेव्हा मावशीला आजच बोलव. भांडायला नाही. आईच्या हलव्यात नारळाचं दूध किती पडायचं हे तिलाच ठाऊक असणार, आणि एवढा वेळ घोटायचं तर दुसरं माणूस लागतंच.