वाचकांचे प्रश्न : लांब पल्ल्याची विमाने आणि इंधनाची बचत

प्रश्न : उद्यमनगरात आमची छोटी फौंड्री आहे. सिंगापूरहून न्यूयॉर्कपर्यंत विमान वाटेत कुठेही न उतरता जाते, असे वाचले. अशा विमानांत इंधनाची बचत नेमकी कशामुळे होते आणि आमच्या ओतकामाचा तिच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संबंध आहे आणि तो चांगलाच जवळचा आहे. या मार्गावर २०१८ पासून उडणाऱ्या एअरबस ए३५०-९००यूएलआर विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २८० टन असून त्याच्या टाक्यांत १ लाख ६५ हजार लिटर, म्हणजे सुमारे १३० टन इंधन मावते. सुरुवातीच्या तासांत जळणाऱ्या इंधनाचा मोठा हिस्सा पुढच्या तासांसाठी राखलेले इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतो. म्हणूनच वजनात किंवा इंजिनात झालेली थोडीशी सुधारणाही लांब पल्ल्यावर अनेक पटींनी फळते. ए३५०च्या सांगाड्यात वजनाने निम्म्याहून अधिक भाग कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा आहे, तो याच हिशेबाने.

आपल्या धंद्याशी नाते जुळते ते इंजिनाच्या टर्बाइनमध्ये, म्हणजे तप्त वायूच्या झोताने फिरणाऱ्या पात्यांच्या चक्रात. वायू जितका तप्त, तितके त्याच इंधनातून अधिक काम मिळते. आजच्या इंजिनांत टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर येणाऱ्या वायूचे तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या वर असते, तर ती पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो सुमारे १,३५० अंशांच्या आसपासच वितळतो. तरीही पाती टिकतात, ती ओतकामाच्या कसबामुळे. मेणाच्या नमुन्यावर सिरॅमिकचे थर चढवून, मेण वितळवून साचा रिकामा करण्याची पद्धत आपल्याला ठाऊक असेलच. इथे साच्यात सिरॅमिकचा नाजूक कोअर, म्हणजे पोकळी राखणारा गाभाही असतो. ओतकामानंतर तो अल्कलीत विरघळवला की पात्याच्या पोटात हवेच्या नागमोडी वाटा उरतात. त्यांतून तुलनेने थंड हवा फिरते आणि बारीक छिद्रांतून बाहेर पडून पात्यावर संरक्षक थर धरते.

खरी करामत धातू गोठवण्यात आहे. साध्या ओतकामात धातूचे असंख्य कण, म्हणजे छोटे छोटे स्फटिक तयार होतात आणि प्रचंड उष्णतेत, फिरण्याच्या ताणाखाली, धातू त्या कणांच्या सीमांवरूनच हळूहळू सरकू लागतो. म्हणून साचा थंड ठेवलेल्या तांब्याच्या तबकडीवर उभा करून भट्टीतून अगदी सावकाश खाली उतरवतात. तळाशी उगवलेले कण वर वाढू लागतात, पण वाटेतल्या अरुंद मळसूत्री वळणातून त्यांपैकी एकच पुढे निसटतो आणि पुढे अख्खे पाते त्या एकाच स्फटिकाचे बनते. इतके काटेकोर ओतकाम जगात मोजक्याच ठिकाणी होते.

प्रश्न : मोटारींप्रमाणे लांब पल्ल्याची विमानेही बॅटरीवर उडतील का?

उत्तर : नजीकच्या काळात नाही. एक किलो विमान-इंधनात सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीत साधारण पाव युनिट. विजेची मोटर अधिक कार्यक्षम असते हे जमेला धरले, तरी ही दरी बुजत नाही. शिवाय बॅटरी संपत आली म्हणून हलकी होत नाही.

प्रश्न : आपल्या उसापासून विमानाचे इंधन होऊ शकते काय?

उत्तर : होऊ शकते, मात्र इथेनॉल जसेच्या तसे टाकीत भरता येत नाही. त्यातून पाण्याचा अंश काढून इथिलीन मिळवायचे, त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या आणि शेवटी त्यांवर हायड्रोजनची प्रक्रिया करायची, असा हा मार्ग आहे. देशी कच्च्या मालापासून केलेले असे इंधन मिसळून १९ मे २०२३ रोजी एअरएशिया इंडियाचे विमान पुण्याहून दिल्लीला गेले; ते इंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक आणि २०२८ मध्ये दोन टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट भारताने ठेवले आहे. आपल्याकडचे कारखाने मळीपासून इथेनॉल काढतातच, त्यामुळे या इंधनाबद्दल इकडे उत्सुकता असणे स्वाभाविक आहे. परंतु निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने पाहिले, तरी एक लिटर विमान-इंधनासाठी दीड लिटरहून अधिक इथेनॉल लागते आणि तेच इथेनॉल पेट्रोलमध्येही मिसळायचे असते. त्यामुळे उसाचे क्षेत्र वाढवण्यापेक्षा मळी आणि चिपाड यांचाच विचार आधी व्हावा, असे आमचे मत आहे. पंचगंगेच्या खोऱ्यातही पाणी अमर्याद नाही.