कोपर पूर्ण सरळ करावं, की ताण सुटू नये म्हणून मधेच थांबावं?

तुम्ही विचारलंय : ट्रेनर सांगतात, कर्ल (कोपर वाकवून डंबेल वर आणायचा व्यायाम) मारताना हात पूर्ण खाली नेऊ नका, मधल्या पट्ट्यातच डंबेल हलवा, म्हणजे बायसेप्सवरचा ताण सुटत नाही. हे बरोबर आहे का?

त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, सल्ला मला पटत नाही.

उभ्यानं कर्ल मारताना हात लोंबत असतो तेव्हा बायसेप्सवर भार जवळजवळ नसतोच. डंबेल कोपरापासून आडव्या अंतरानं जितकं लांब, तितका भार जास्त. कोपरापुढचा हात जमिनीला समांतर आला की भार सर्वांत जास्त असतो. लोंबत्या स्थितीपासून ३० अंशच वर आणलात तर त्याच्या निम्मा. म्हणून मधल्या पट्ट्यात घोळत राहिलं की दंड लवकर पेटतो. पण आवळलेल्या स्नायूतून रक्त नीट फिरत नाही, ती जळजळ बरीचशी त्याची असते. तिच्यावरून वाढ मोजू नका.

वाढीसाठी मी एकच गोष्ट बघतो : स्नायू लांबलेला असताना त्याच्यावर खरा भार पडतोय का? अर्ध्या रेपवर (रेप म्हणजे व्यायामाची एक आवृत्ती) बरेच प्रयोग झालेत, आणि त्यांत अर्धा कोणता यानं मोठा फरक पडलेला दिसतो. स्नायू ताणलेला असतो तो अर्धा केला तर वाढ अनेकदा पूर्ण रेपच्या तोडीची होते. आखडलेला अर्धा मागे पडतो. २०२१ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. त्याच माणसांनी १२ आठवडे एका पायानं बसून लेग कर्ल (गुडघा वाकवून वजन ओढायचा व्यायाम) केला, दुसऱ्यानं पालथं झोपून. बसून केलेल्या पायाचे हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, सुमारे १४ टक्के वाढले, दुसऱ्याचे ९. बसल्यावर कंबरेत वाक येतो आणि हे स्नायू वरच्या टोकाकडून आधीच ताणले जातात, एवढाच फरक.

मी स्वतः दोन वर्षं स्क्वॉट पाव-अर्धाच मारत होतो. बारवरचं वजन वाढत गेलं, मांड्या होत्या तशाच. पूर्ण खाली बसायला लागलो तेव्हा प्लेटा उतरवाव्या लागल्या, ते फार लागलं मनाला. पण मांड्या भरल्या त्यानंतरच.

तेव्हा कर्ल तिरक्या बाकावर टेकून मारा. दंड धडाच्या मागे जातो, बायसेप्स ताणला जातो आणि भार पडतो तेव्हा तो उभ्या कर्लपेक्षा जास्त लांबलेला असतो. ट्रायसेप्सला (दंडामागच्या स्नायूला) निदान एक व्यायाम हात डोक्यावर घेऊन द्या. पोटरीसाठी टाच पायरीच्या खाली जाऊ द्या आणि तिथे एक-दोन सेकंद थांबा. तळाशी उसळी मारून वर येणाऱ्यांची पोटरी वाढत नाही अशी तक्रार मी फार ऐकतो. सेटच्या शेवटी पूर्ण रेप निघेनाशी झाली तर खालच्या भागातल्या अर्ध्या दोन-तीन काढा, वरच्या नकोत.

कोपर सरळ झाल्यानं बिघडत काही नाही, झटका देऊन सरळ करू नका इतकंच. बेंचप्रेसमध्ये तळाशी खांदा टोचत असेल, किंवा स्क्वॉटमध्ये खाली कंबर गोल होत असेल, तर तुमची रेंज त्याच्या थोडी आधी संपते, तिथेच थांबा. आणि पहिले दोन आठवडे वजन नेहमीपेक्षा बरंच कमी घ्या, कारण ताणलेल्या स्थितीतल्या कामाची सवय नसलेला स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांगलाच ठणकतो.