सुईची बंदूक आणि गळणारा धूर

प्रश्न : प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या ड्रायझे रायफलीला ‘सुईची बंदूक’ का म्हणत, आणि ती पुढे मागे का पडली?

उत्तर : प्रशियाने 1841 मध्ये स्वीकारलेल्या या रायफलीत चाप ओढताच एक लांब, बारीक सुई कागदी काडतुसात घुसे आणि दारूतून आरपार जाऊन गोळीच्या बुडाशी बसवलेल्या स्फोटक टिकलीवर आदळे. काडतूस नळीच्या मागून भरता येत असल्याने शिपाई जमिनीवर पालथा पडूनही बार भरू शकत असे. 1866 मध्ये क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुका घेऊन आलेल्या ऑस्ट्रियन सैन्याला हा फरक फार महागात पडला, अर्थात त्या विजयाचे सारे श्रेय एका बंदुकीला देणे मला अतिशयोक्तीचे वाटते.

दोष मात्र मुळातच होता. मागचा सांधा पक्का बंद होत नसल्याने तप्त वायू शिपायाच्या तोंडाकडे येत आणि गोळीचा जोरही घटे. शिवाय दारूच्या ज्वाळेत सापडणारी सुई हळूहळू ठिसूळ होई. फ्रेंचांच्या शास्पो रायफलीत रबराच्या कड्याने ही गळती बरीच रोखली, त्यामुळे 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तिचा पल्ला स्पष्टपणे सरस ठरला. खरा उपाय धातूच्या काडतुसाने दिला, कारण बार उडताच त्याचे कवच फुगून नळीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे वाटच उरत नाही.