फीडबॅक म्हणजे ‘प्रतिसाद’ का? आणि एरोसोल म्हणजे धूळ का?

प्रश्न असा आहे: ढगांवरच्या एका मराठी लेखात वाक्य होतं, “समुद्री वनस्पतींपासून निघणाऱ्या धूलिकणांचा ढगांमार्फत हवामानाला नकारात्मक प्रतिसाद मिळतो.” विचारणाऱ्यांना तीनदा वाचूनही कळेना की यात प्रतिसाद कोण कोणाला देतंय, नकारात्मक म्हणजे वाईट का, आणि समुद्रात धूळ आली कुठून. तिन्ही शंका अगदी रास्त आहेत, कारण फीडबॅकसाठी ‘प्रतिसाद’, निगेटिव्हसाठी ‘नकारात्मक’ आणि एरोसोलसाठी ‘धूलिकण’ हे वाक्यातले तीनही शब्द चुकलेत.

आधी धूळ. एरोसोल म्हणजे हवेत तरंगत राहणारे बारीक कण, मग ते घन असोत की द्रव. त्यात वाळवंटातली धूळ येते, पण लाटा फुटल्यावर उडणारं मीठ येतं, काजळी येते, परागकण येतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूपासून हवेतच तयार होणारे सल्फेटचे कण येतात, त्यांना धूळ कसं म्हणणार? मूळ शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हायड्रोसोलच्या (पाण्यात तरंगणारे बारीक कण) धर्तीवर बनला, त्यातला ‘सोल’ हा सोल्यूशनमधला, सूर्याशी त्याचा काही संबंध नाही. मराठीत त्याच वाटेने ‘वायुकलिल’ केला गेला, कलिल म्हणजे कोलॉइड, एका पदार्थात दुसऱ्याचे बारीक कण विखरून राहिलेलं मिश्रण. हा कलिल मला फार आवडतो, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘मोहकलिलं’ आहे ना, तोच, गढूळपणा, गुंता अशा अर्थाचा. हवेतला गढूळपणा, किती नेमकं! पण वर्तमानपत्रात वायुकलिल लिहिलं तर निम्मे वाचक तिथेच थांबतील, म्हणून मी पहिल्यांदा ‘हवेतले तरंगते कण’ लिहिते आणि पुढे सरळ एरोसोल. एक मात्र सांगावंसं वाटतं, एरोसोल म्हटलं की लोकांना स्प्रेचा डबा आठवतो आणि गोष्ट ओझोनच्या छिद्राकडे जाते. ते प्रकरण डब्यातल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचं होतं, इथे त्याचा संबंध नाही.

ढगाला हे कण लागतातच. अगदी निर्मळ हवेत आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कितीतरी पट वर नेल्याशिवाय वाफेचा थेंब बनत नाही, आणि खऱ्या ढगात ती शंभराच्या वर जेमतेम एखादा टक्का जाते. म्हणजे वाफेला बसायला काहीतरी बूड हवं, ते हे कण देतात. आता पाणी तेवढंच आणि कण जास्त असले तर थेंब जास्त पण बारीक होतात, असा ढग जास्त पांढरा दिसतो आणि जास्त ऊन परत पाठवतो, हे वातावरणशास्त्रज्ञ शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात मांडलं. जहाजांच्या धुरामुळे समुद्रावरच्या ढगांत उमटणारे पांढरे पट्टे उपग्रहाच्या फोटोत दिसतात ते याचमुळे. शिवाय बारीक थेंब एकमेकांवर आदळून मोठे व्हायला वेळ लागतो (पावसाचा एक थेंब व्हायला साधारण दहा लाख मेघबिंदू लागतात), त्यामुळे पाऊस लांबतो.

इथपर्यंत फीडबॅक कुठेच आलेला नाही, आणि माझा खरा मुद्दा हाच आहे. धूर वाढला, ढग उजळला, जमीन थोडी गार झाली, हा परिणाम झाला. फीडबॅक तेव्हाच म्हणायचं जेव्हा परिणाम फिरून आपल्याच कारणावर येतो. उदाहरणार्थ, समुद्रावरच्या ढगातून भुरभुर पाऊस पडला की तो हवेतले कण धुऊन नेतो, कण कमी झाले की थेंब कमी पण मोठे होतात, मोठे थेंब लवकर पडतात, म्हणून पाऊस आणखी वाढतो आणि कण आणखी धुतले जातात. फेरा पूर्ण झाला. ‘प्रतिसाद’ या शब्दात हा फेरा नाही, त्यात फक्त एकाने हाक मारली आणि दुसऱ्याने ओ दिली एवढंच आहे. ‘अभिप्राय’ तर इथे बिलकुल नको. ‘पुनर्भरण’ अर्थाने जवळचा आहे, पण पाण्याच्या विषयात तो भूजलाने अडवलेला, पावसाच्या लेखात तोच शब्द दोन अर्थांनी आला तर गोंधळ ठरलेला. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘प्रत्याभरण’ आहे, तो चालेल, थोडा जड आहे इतकंच. मला विचाराल तर ‘परतपरिणाम’ म्हणावं, ऐकताक्षणी कळतं की परिणाम परत आला.

आणि सकारात्मक-नकारात्मक हे तर टाळाच! गणितातल्या धन-ऋणाचं भाषांतर करताना आपण स्वभावाचे शब्द घेतले आणि अर्थ उलटा झाला. पॉझिटिव्ह फीडबॅक मूळ बदल वाढवत नेतो, दुष्टचक्र हा त्याचाच रोजच्या बोलण्यातला शब्द, तर निगेटिव्ह फीडबॅक मूळ बदलाला आवर घालतो. त्यामुळे ‘वाढवणारा’ आणि ‘आवरणारा’ लिहा, शास्त्रीय लेखात वर्धक आणि रोधक.

आता मूळ वाक्य. ते बहुधा १९८७ साली चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या कल्पनेबद्दल आहे, चौघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला क्लॉ (CLAW) म्हणतात. समुद्रातले वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) डायमिथिल सल्फाइडचा स्रोत आहेत, हा वायू आहे, धूळ नव्हे, हवेत त्यापासून सल्फेटचे कण होतात, कणांमुळे ढग उजळतात. ऊब आणि ऊन वाढल्यावर प्लवकांकडून हा वायू जास्त आला तर उजळ ढग ऊन अडवतील आणि तापणं आवरलं जाईल, अशी ती मांडणी. सुंदर कल्पना आहे, पण २०११ मध्ये क्विन आणि बेट्स या शास्त्रज्ञांनी पुरावे मांडून दाखवलं की समुद्रावर कणांचे इतरही स्रोत आहेत, लाटांच्या फवाऱ्यातलं मीठ वगैरे, आणि हा फेरा त्या रूपात टिकत नाही. त्यामुळे ‘मिळतो’ हे क्रियापदसुद्धा जास्तच ठाम झालं. मी ते वाक्य असं लिहीन: “समुद्रातल्या प्लवकांनी सोडलेल्या वायूपासून हवेत कण तयार होतात, त्यांनी ढग उजळतात, आणि याचा तापमानवाढीवर आवरणारा परतपरिणाम होत असावा असं १९८७ मध्ये सुचवलं गेलं, पुढे त्यावर गंभीर आक्षेप आले.” लांब झालंय खरं, पण कोण कोणाला काय करतंय ते तरी कळतं.